निखाऱ्यावरची भाकर

एलीया संदेष्टा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. इस्राएलचा राजा अहाब आणि राणी ईजबेल यांच्याशी त्याने उघड वैर पत्करले होते. कार्मेल डोंगरावर बआल दैवताच्या शेकडो पुजाऱ्यांना त्याने सगळ्या लोकांदेखत निरुत्तर केले, आणि त्यावर राणीचा निरोप आला, की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. डोंगरावर एकटा ठाम उभा राहिलेला हा माणूस त्या एका निरोपाने खचला. दक्षिणेकडे पळत बैर-शेब्याला पोहोचला, सोबतच्या सेवकाला तिथेच ठेवून दिवसभर ओसाड रानात चालत गेला आणि एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. मग तिथेच त्याचा डोळा लागला.

कुणीतरी हात लावून त्याला उठवले आणि खायला सांगितले. पाहतो तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. तो खाऊन-पिऊन पुन्हा आडवा झाला. देवाच्या दूताने त्याला पुन्हा उठवले, पुन्हा खायला लावले, कारण पुढची वाट त्याला झेपण्याजोगी नव्हती. त्या अन्नाच्या बळावर एलीया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब पर्वताला पोहोचला.

ख्रिस्ती माणूस देवदूतांविषयी काय मानतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने बायबलमधल्या राजे पहिल्या पुस्तकातली ही गोष्ट आधी वाचावी. दूत एलीयाला उचलून होरेबला नेत नाही. ईजबेलचा नायनाट करत नाही. मरण मागणाऱ्या माणसाला खडसावतही नाही. तो त्याला जेवू घालतो, झोपू देतो, पुन्हा जेवू घालतो आणि नाहीसा होतो. चाळीस दिवसांची पायपीट एलीयालाच करावी लागते. शतकानुशतके या विषयावर ग्रंथांचे डोंगर रचले गेले, तरी देवदूताचे माणसाशी नाते काय, याचे मला सगळ्यात खरे वाटणारे वर्णन या चार-पाच ओळींच्या प्रसंगात आहे.

आता मूळ श्रद्धेकडे येऊ. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे देवदूत म्हणजे लहान देव नव्हेत. जग जसे देवाने निर्माण केले तसेच त्यांनाही त्यानेच निर्माण केले. त्यांना शरीर नाही. बुद्धी आहे, इच्छाशक्ती आहे, मरण नाही. 1215 साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने देवाने दृश्य आणि अदृश्य, अशी दोन्ही सृष्टी निर्माण केल्याचे ठरावात नमूद केले, आणि 1992 सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात देवदूतांचे अस्तित्व हे श्रद्धेचे सत्य म्हणून सांगितले आहे. ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट पंथही ते मानतात. फरक आहे तो त्यांच्याविषयी किती बोलावे आणि त्यांच्याकडे प्रार्थना करावी की नाही यात.

एक समज मात्र इथेच दूर करायला हवा. माणूस मेल्यावर देवदूत होतो, असे ख्रिस्ती धर्म शिकवत नाही. लहान मुलांच्या थडग्यांवर पंखवाल्या बाळांच्या मूर्ती दिसतात, शोकसभेत कुणी तसे बोलूनही जाते, आणि पोर गमावलेल्या आईला त्या शब्दांचा आधार वाटला तर तो हिरावून घेण्याचे कारण नाही. पण शिकवण वेगळी आहे. माणूस आणि देवदूत हे दोन निराळे जीव. माणसाला शरीर आहे आणि शेवटच्या दिवशी ते शरीरच पुन्हा उठवले जाणार आहे, ही ख्रिस्ती आशा. मेलेली मुलगी देवापाशी तीच मुलगी म्हणून असते. माझ्या मते यात जास्त मोठा दिलासा आहे.

पंखांचेही तसेच. यशया संदेष्ट्याने पाहिलेल्या सराफ नावाच्या दूतांना सहा पंख आहेत, यहेज्केल संदेष्ट्याच्या करूब नावाच्या दूतांना चार तोंडे आणि चार पंख आहेत. पण माणसांच्या घरी येणारे, अब्राहामाच्या तंबूपुढे झाडाच्या सावलीत बसून जेवणारे दूत साध्या माणसांसारखे दिसतात. रोममधल्या प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत मरीयेला निरोप देणाऱ्या दूताचे फार जुने चित्र आहे. त्याला पंख नाहीत. पंखवाले देवदूत ख्रिस्ती कलेत चौथ्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतात. गुबगुबीत बाळे तर त्याहून कितीतरी उशिराची. ती आली ग्रीक-रोमन कामदेवाच्या शिल्पांतून, युरोपच्या प्रबोधनकाळात. बायबलमधला देवदूत दिसला की माणसे घाबरतात. म्हणूनच त्याला अनेकदा पहिले वाक्य भिऊ नको असे बोलावे लागते.

बायबलमध्ये माणसाशी बोलणारा पहिला दूत कुणाकडे आला, हे पाहण्यासारखे आहे. तो राजाकडे आला नाही, संदेष्ट्याकडेही नाही. तो आला हागारकडे. हागार ही अब्राहामाच्या बायकोची, म्हणजे सारायची, मिसरी दासी. परक्या देशातली, परक्या लोकांत राबणारी. मालकिणीने छळले म्हणून गरोदरपणी पळून निघालेली. रानातल्या झऱ्यापाशी दूत तिला गाठतो आणि विचारतो, की तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस. तिच्या नावानिशी तिची विचारपूस करणारा त्या कथेतला हा पहिलाच. अब्राहाम आणि साराय तिला दासीच म्हणत आले. हागार त्या देवाला आपल्याला पाहणारा देव असे नाव देते. पुढे तिला मुलासह हाकलून दिले जाते, कातडी पिशवीतले पाणी संपते, मुलाचे मरण बघवत नाही म्हणून ती त्याला झुडपाखाली टाकून दूर जाऊन बसते, तेव्हाही दूताची हाक येते आणि तिला विहीर दिसते. देवदूतांची सारी परंपरा एका टाकून दिलेल्या बाईपासून सुरू होते, ही गोष्ट धर्मपंडितांच्या चर्चेत जितकी यायला हवी तितकी येत नाही.

नावाने ओळखले जाणारे देवदूत मात्र अगदी थोडे. आठव्या शतकात लोक भलभलत्या नावांच्या दूतांना प्रार्थना करू लागले, तेव्हा 745 साली पोप झकरिया यांच्या काळी रोममध्ये भरलेल्या धर्मसभेने मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल एवढीच नावे मान्य ठेवली. पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत आजही हे तीनच आद्यदेवदूत, आणि 1969 सालच्या पंचांग-सुधारणेपासून तिघांचा सण एकत्र, 29 सप्टेंबरला. ऑर्थोडॉक्स परंपरा उरीएलसारखी आणखी काही नावे घेते.

गब्रीएल निरोप्या. नासरेथच्या मरीयेला तो येशूच्या जन्माचा निरोप देतो. याच गब्रीएलने आधी जखऱ्या नावाच्या याजकाला पुत्र होईल असे सांगितले होते. जखऱ्याने शंका घेतली आणि त्याची वाचा गेली. मरीयाही प्रश्न विचारते, पण तिला उत्तर मिळते आणि मग गब्रीएल तिच्या होकारासाठी थांबतो. बाराव्या शतकातला क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड याने एका प्रवचनात हा क्षण रंगवला आहे: सारी सृष्टी, मेलेले पूर्वज आणि खुद्द दूतही एका मुलीच्या तोंडाकडे बघत ताटकळले आहेत. देवदूत निरोप आणतो, पण माणसाच्या वतीने होकार देऊ शकत नाही. कॅथलिक लोक रोजरीत पुन्हा पुन्हा म्हणतात त्या नमो मारिया प्रार्थनेची सुरुवात याच गब्रीएलच्या अभिवादनाने होते, आणि त्याच प्रसंगाची आठवण म्हणून वसईत, गोव्यात, जगभरातल्या चर्चमध्ये सकाळ, दुपार, संध्याकाळ आंजेलूसची घंटा वाजते. निरोप पोहोचवणारा म्हणून 1951 साली पोप बाराव्या पायस यांनी गब्रीएलला दूरसंचाराचा आश्रयदाता ठरवले.

मीखाएल लढवय्या. दानीएलाच्या पुस्तकात तो इस्राएली लोकांचा पाठीराखा आहे, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात तो अजगराशी, म्हणजे सैतानाशी, लढून त्याला स्वर्गातून खाली लोटतो. रोममध्ये तायबर नदीकाठी सम्राट हेड्रियनची समाधी आहे. 590 साली प्लेगने शहर ओस पडत असताना पोप ग्रेगरी यांनी प्रायश्चित्ताची मिरवणूक काढली, आणि त्या समाधीच्या माथ्यावर मीखाएल तलवार म्यान करताना दिसला, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्या इमारतीला देवदूताचा किल्ला असे नाव पडले; वर आज मीखाएलचा काशाचा पुतळा आहे. मुंबईत माहीमच्या चर्चला दर बुधवारी सर्व धर्मांच्या माणसांची रीघ लागते ती मरीयेच्या नोव्हेनासाठी. चर्च मात्र सेंट मायकलच्या, म्हणजे याच मीखाएलच्या नावाचे आहे.

राफाएलची कथा मला तिघांत सगळ्यात जवळची वाटते. ती तोबीतच्या पुस्तकात येते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये हे पुस्तक आहे. प्रोटेस्टंट ते पवित्र शास्त्रात धरत नाहीत, त्यामुळे अनेक मराठी घरांतल्या बायबलमध्ये ते सापडत नाही. तोबीत हा निनवे शहरात बंदिवासात राहणारा म्हातारा. बेवारस प्रेते पुरण्याचे काम जिवावर उदार होऊन करणारा. डोळ्यांत चिमण्यांची विष्ठा पडून तो आंधळा होतो. दूर मेदी देशात ठेवलेले पैसे आणायला तो मुलगा तोबियाला पाठवतो आणि वाटाड्या म्हणून अजऱ्या नावाच्या एका तरुणाला रोजंदारीवर नेमतो. मजुरी ठरते, रोज एक द्राख्मा. दोघे निघतात, मागोमाग घरचा कुत्राही निघतो. तायग्रिस नदीत मोठा मासा तोबियावर झेप घेतो. अजऱ्या त्याला तो मासा धरायला, चिरायला आणि काळीज, यकृत, पित्त जपून ठेवायला सांगतो. काळीज-यकृताच्या धुराने सारा नावाच्या मुलीला छळणारे भूत पळते, तिचे तोबियाशी लग्न होते, आणि परतल्यावर पित्ताचे अंजन घालून म्हाताऱ्याचे डोळे उघडतात. कृतज्ञ बापलेक अजऱ्याला मजुरीऐवजी आणलेल्या संपत्तीतला अर्धा वाटा देऊ करतात, तेव्हा कुठे तो आपण राफाएल असल्याचे सांगतो. इतके दिवस बरोबर चालला, पण वाटेतली सगळी कामे त्याने तोबियाच्याच हातून करून घेतली. प्रवासी आणि आजारी माणसे राफाएलचे नाव घेतात ते या कथेमुळे.

या तिघांपलीकडे दूतांची मोठी उतरंड कल्पिली गेली. इसवी सन 500च्या सुमारास दिओनिसियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात लेखकाने सराफांपासून साध्या दूतांपर्यंत नऊ श्रेणी मांडल्या, आणि मध्ययुगाने त्या जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्यावर इतका कस लावला, की त्यांना देवदूती आचार्य हीच पदवी मिळाली. सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात असा वाद ते घालत, ही नंतरच्या विरोधकांनी पसरवलेली गोष्ट. त्यांच्या ग्रंथात ती नाही. शरीर नसलेला जीव एखाद्या जागी आहे असे म्हणायचे तर कोणत्या अर्थाने, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तो गंभीर प्रश्न आहे. नऊ श्रेणींना मात्र आज फारसे कुणी धरून बसत नाही. बायबलमध्ये त्यांची नावे विखुरलेली आहेत. पायऱ्या लेखकांनी रचल्या.

सगळेच दूत चांगले राहिले नाहीत, हीदेखील श्रद्धेचीच बाजू. इच्छाशक्ती आहे म्हणजे नकार देण्याची मुभा आहे. काहींनी गर्वाने देवाला नकार दिला आणि ते पडले. सैतान त्यांचा म्होरक्या. ही कथा मराठीत ओवीबद्ध होऊन चारशे वर्षे झाली. इंग्लंडातून आलेले जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले, इथली भाषा शिकले आणि 1616 साली राचोल इथे त्यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीबरोबर दूतांची निर्मिती आणि लुसिफरचे पतन येते. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना स्वर्गातले हे बंड त्यांच्याच ओवीत ऐकायला मिळाले.

माणसाच्या रोजच्या आयुष्याशी सगळ्यात जवळचा दूत म्हणजे रक्षकदूत. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना बजावतो, की लहानांपैकी एकालाही तुच्छ लेखू नका, कारण त्यांचे दूत स्वर्गात सदैव पित्याचे मुख पाहत असतात. यावरून प्रत्येक माणसाला एक दूत नेमून दिलेला असतो ही श्रद्धा रुजली. अक्वायनस यांच्या मते हा दूत फक्त ख्रिस्ती माणसाला मिळतो असे नाही, बाप्तिस्म्याची अट नाही. जन्मताच तो प्रत्येकाला मिळतो, आणि गर्भात असेपर्यंत बहुधा आईचाच दूत दोघांना सांभाळतो. इतक्या काटेकोर तर्कपंडिताने हे लिहावे, याचे मला फार अप्रूप वाटते. रक्षकदूतांचा सण 2 ऑक्टोबरला. कॅथलिक घरांत मुलांना फार लवकर शिकवल्या जाणाऱ्या प्रार्थनांत रक्षकदूताची छोटी प्रार्थना असते, आणि अनेकांना ती म्हातारपणीही झोपण्यापूर्वी आपसूक ओठांवर येते.

मार्टिन ल्यूथरने संतांच्या पुष्कळ भक्तिप्रथा मोडीत काढल्या, पण 1529 सालच्या त्याच्या लहान प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांमध्ये देवाकडे पवित्र दूताची सोबत मागितलेली आहे. मागणी देवाकडे, दूताकडे नव्हे. हा भेद प्रोटेस्टंटांसाठी महत्त्वाचा. जॉन कॅल्व्हिनला माणशी एक दूत हा हिशेब पटला नाही. एकाच दूतावर का थांबायचे, सगळे दूत मिळून आपली काळजी वाहतात, असे त्याचे म्हणणे. दूतांना देवाच्या जागी बसवू नये याविषयी सगळ्या पंथांचे एकमत आहे. प्रकटीकरणाच्या शेवटी योहान दूताच्या पायांशी लोटांगण घालायला जातो, तर दूतच त्याला अडवतो आणि मीही तुझ्यासारखाच एक सेवक आहे असे सांगतो.

रक्षकदूताची श्रद्धा व्यवहारात कशी जगली जाते, याचे उदाहरण पोप तेविसावे जॉन यांचे. पोप होण्यापूर्वी ते बल्गेरिया आणि तुर्कस्तानात व्हॅटिकनचे प्रतिनिधी होते आणि अवघड माणसांशी बोलणी करणे हे त्यांचे नेहमीचे काम. अशा भेटीआधी ते आपल्या दूताला समोरच्या माणसाच्या दूताशी आधी बोलून घ्यायला सांगत. ही युक्ती त्यांना आधीचे पोप अकरावे पायस यांनी शिकवली होती. ज्याच्याशी भांडण होण्याची शक्यता आहे त्याच्याही पाठीशी देवाने कुणाला उभे केले आहे, हे मनात धरून दार उघडणारा माणूस वेगळ्या आवाजात बोलत असणार.

आता कठीण प्रश्न. दूत राखण करतात, तर अपघात का होतात, निरपराध का मरतात? बायबल हा प्रश्न लपवत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकतो. दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांनी जखडलेला पेत्र झोपलेला आहे. दूत त्याच्या कुशीला धक्का देऊन उठवतो, कंबर बांधायला, वहाणा घालायला, अंगरखा पांघरायला सांगतो. बेड्या गळतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र मित्रांच्या घरी येऊन दार ठोठावतो. रोदा नावाची मोलकरीण आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. त्याच्यासाठी प्रार्थना करत बसलेले लोक तिलाच वेड्यात काढतात आणि तो पेत्राचा दूत असेल म्हणतात.

पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला एक लहानसे वाक्य आहे: हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. त्याच्याकडे दूत आल्याची नोंद नाही. याकोबही येशूच्या अगदी जवळचा शिष्य होता, त्याच्यासाठीही कुणी प्रार्थना केलीच असेल. एक सुटला, एक मेला, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक कारण सांगत नाही. ख्रिस्ती वाचकाने या दोन्ही ओळी एकत्रच वाचायला हव्यात. सुटकेची गोष्ट तेवढी उचलून सांगणाऱ्या प्रवचनांवर माझा विश्वास बसत नाही.

खुद्द येशूने हा प्रश्न स्वतःपुरता सोडवलेला दिसतो. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतान त्याला उडी टाकायला सांगतो, आणि देव दूतांना तुला झेलायची आज्ञा देईल असा स्तोत्रसंहितेतला दाखला देतो. दूतांच्या संरक्षणाचे वचन बायबलमध्ये आहेच, पण इथे ते सैतानाच्या तोंडी येते. येशू उडी टाकत नाही. आणि अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत, हा प्याला टळो अशी तो विनवणी करतो, तेव्हा लूकच्या वृत्तांतानुसार स्वर्गातून एक दूत येऊन त्याला बळ देतो. प्याला टळत नाही. दूत येऊन गेल्यावरही येशूची प्रार्थना अधिकच कळवळ्याने चालू राहते आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो.

दूतांचे आणखी एक काम येशूनेच एका दाखल्यात सांगितले आहे. श्रीमंताच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी फोडांनी भरलेला पडून असतो. जिवंत असेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. तो मरतो आणि देवदूत त्याला अब्राहामाच्या उराशी नेऊन ठेवतात. कॅथलिक अंत्यविधीत शवपेटी चर्चमधून बाहेर निघताना म्हणायची एक जुनी लॅटिन प्रार्थना आहे. तिच्यात मृताला देवदूतांनी नंदनवनात न्यावे असे मागणे आहे, आणि जो एके काळी गरीब होता त्या लाजराच्या सोबतीने त्याला विसावा मिळो, असे शेवटी लाजराचे नाव घेऊन म्हटले आहे.